टेबलाशी थबकलेला माणूस

चि.,

अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या न्यूअर्कच्या पार्टिझन शोमध्ये, छोट्या मॉडेल्सनी लढाया खेळायच्या त्या मेळ्यात, तुझ्या रणगाड्यांच्या खेळाला टेबल मिळालं हे वाचून फार बरं वाटलं. पत्रासोबतची खेळाची नियमावलीही वाचली. अकरा पानं! अगं पोरी, तिथे अकरा पानं वाचणार कोण? दारं उघडली की माणसं आधी स्टॉल्सकडे पळतात. रंग, ब्रश, दोन-चार किट्स पिशवीत पडली की मग टेबलं बघत रेंगाळतात. एका हातात जड पिशवी, दुसऱ्या हाताला कंटाळलेलं पोर, आणि तुझ्या वाट्याला फार तर वीस मिनिटं. तुझा खेळ या माणसासाठी आहे, क्लबातल्या मित्रांसाठी नव्हे.

इथे शोमध्ये दोन तऱ्हेची टेबलं असतात, हे तू पाहिलंच आहेस. डेमो नुसतं बघायचं, पार्टिसिपेशनमध्ये येणाऱ्याने खेळायचं. नवखी मंडळी नेमकी इथेच फसतात. देखावा डेमोचा मांडतात, बाहेर पाटी पार्टिसिपेशनची लावतात आणि स्वतः टेबलामागे खुर्चीत बसून सँडविच खातात. मीही पहिल्या वर्षी हेच केलं. लोक यायचे, 'व्हेरी नाइस' म्हणायचे, निघून जायचे. दिवसभरात खेळले तिघं, त्यातला एक माझाच मुलगा.

तेव्हा खुर्ची नकोच. टेबलाच्या बाहेरच्या बाजूला, येणाऱ्यांमध्ये उभी राहा. कुणी थबकलं तर 'आधी कधी खेळलायत का?' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर 'नाही' येतं आणि माणूस मागे सरतो. रणगाड्याकडे बोट दाखव, 'हा तुमचा. समोरचा तो तुमच्यावर तोफ रोखून बसलाय' म्हण आणि हातावर फासे ठेव. हातात फासे आले की माणूस सहसा जात नाही. नियम सांगायला त्यानंतर भरपूर वेळ मिळतो.

खेळासाठी असल उत्तर, 1965 च्या भारत-पाक युद्धातली पंजाबातली ही रणगाड्यांची लढाई निवडलीस, याचा मला विशेष आनंद. मी नगरचा. के. के. रेंजवरच्या तोफांचे आवाज ऐकत वाढलो, त्यामुळे पाळण्यातल्या खुळखुळ्याआधी रणगाडा कळला असं आमची आई म्हणायची. पण या लढाईत खेळाच्या दृष्टीने एक खोच आहे. 8 ते 10 सप्टेंबर 1965 या तीन दिवसांत खेमकरणजवळ आपल्या लोकांनी केलं काय? घोड्याच्या नालासारखी फळी धरली, शेतांत पाणी सोडलं आणि उसात दबा धरून बसले. आपल्या जुन्या शर्मन रणगाड्याचा गोळा पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्याच्या पुढच्या चिलखतावर दुरून चालण्यासारखा नव्हता. म्हणून पॅटन चिखलात अडखळेपर्यंत, कूस दाखवेपर्यंत थांबायचं. लढाई जिंकली ती या थांबण्याने. आता सांग, दहा वर्षांच्या मुलीला 'तू उसात बस आणि काही करू नकोस' असं सांगून ती किती वेळ बसेल?

मी यावर दोन हंगाम डोकं खाजवलं. शेवटी पॅटन टेबलाच्या कडेवरून आणणंच बंद केलं. खेळ सुरू होतो तेव्हाच ते पाणथळ शेतांच्या मधोमध असतात, आपला सर्वांत जवळचा रणगाडा, सेंच्युरियन, त्यांच्यापासून वीतभर लांब. पहिल्याच फेरीत गोळा सुटतो. इतिहासातला आधीचा सगळा वेळ मी दोन वाक्यांत तोंडी सांगतो. पॅटनवाल्यांना पाण्यातून जाताना प्रत्येक वेळी एक फासा टाकायला लावायचा, एक पडला की रुतला. मुलांना गोळीबारापेक्षा हे रुतणंच जास्त आवडतं, बघशील तू.

नियमांसाठी अकरा पानांऐवजी पोस्टकार्डाएवढा एक कागद कर. इथे एक पद्धत बरीच रुळली आहे. एका खेळाडूकडे एकच रणगाडा आणि सहा फासे. एक म्हणजे गाडी चालवा, दोन म्हणजे शत्रू हेरा, तीन नेम धरा, चार गोळा सोडा, पाच पुन्हा भरा, सहा म्हणजे हवं ते. गाडीला मार बसत गेला की फासे कमी होत जातात. नवख्याला 'आता मी काय करू शकतो?' हे विचारावंच लागत नाही, उत्तर समोर पडलेलं असतं. खोट एवढीच, की नशीब रुसलं तर चार पडतच नाही आणि माणूस तीन फेऱ्या नुसता नेम धरून बसतो. क्लबात याची गंमत वाटते, वीस मिनिटांच्या खेळात चीड येते. म्हणून मी प्रत्येकाला एक नाणं देतो. ते परत केलं की कुठलाही एक फासा हव्या त्या आकड्यावर फिरवायचा. ते कधी वापरायचं यावर बापलेकांत जी कुजबूज चालते, ती ऐकण्यासारखी असते.

अंतर मोजायला टेपऐवजी रंगवलेल्या काड्या ठेव. मॉडेल 1/72 चीच बरी, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याची. त्यात पॅटनचा सांगाडा नऊएक सेंटिमीटरचा होतो, मुलांच्या मुठीत नीट बसतो. 1/285 चे इवलेसे रणगाडे मला स्वतःला प्रिय आहेत, पण तीन फुटांवरून ते झुरळांसारखे दिसतात. 28 मिमी उंचीच्या सैनिकांच्या मापाचे मोठे घेतलेस तर सहा बाय चार फुटांच्या टेबलावर कार पार्क होईल. तोफेच्या नळ्या मोडणार, हे धरूनच चाल.

कुणीतरी येऊन रंगाची छटा चुकली म्हणेल. त्याचं ऐक, आभार मान आणि फासे दे.

एक गोष्ट मात्र सावकाश सांगतो. या देशात तुझ्या टेबलाशी लाहोरचे, कसूरचे लोकही येणार. पहिल्या वेळी मी, जीपवरच्या तोफेने पॅटन फोडणाऱ्या आपल्या अब्दुल हमीदच्या जीपसाठी खास नियम केला होता, शिवाय जिंकणाऱ्याला छोटा झेंडा. एक वयस्क गृहस्थ बराच वेळ बघत उभे होते. मी फासे पुढे केले, तर हसून म्हणाले, 'बेटा, मेरे चाचा इधर थे,' आणि बोट ठेवलं ते पॅटनवर. झेंडे मी तिथल्या तिथे खिशात घातले. आम्ही खेळलो, त्यांचा पॅटन रुतला, ते खळखळून हसले. पुढच्या वर्षी मी त्याच युद्धातली चविंडाची लढाई मांडली. तिथे पाकिस्तानी फळी टिकली, आणि आपल्या पूना हॉर्सचे कर्नल तारापोर 16 सप्टेंबरला त्याच लढाईत पडले. हमीदची जीप अजून टेबलावर असते, पण तिला फासे नाहीत. कुणी विचारलं तर त्यांची हकीकत सांगतो.

आणखी एक, एकटी जाऊ नकोस. एकाने खेळ चालवायचा, दुसऱ्याने कडेला उभ्या असलेल्यांशी बोलायचं, आणि तासाने अदलाबदल करायची. संध्याकाळी घसा बसतो, आल्याच्या वड्या ने.

तुझ्याकडे पॅटन चारच आहेत असं लिहिलंयस. माझे दोन घेऊन जा. एकाची नळी वाकडी आहे, तो रुतवायला ठेव.

तुझा,
काका