पंचे वाळत असले तर कोण विचारतं?

ताई, मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक. चिपळूणजवळच्या एका गावात आम्ही दोघंच राहतो. हिला पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली. वर्षभरापासून लघवी धरवत नाही. संडासापर्यंत पोचायच्या आत कपडे ओले होतात, रात्री अंथरूण. मी जुन्या साड्यांच्या घड्या लावतो आणि स्वतः धुतो. कुणाला दिसू नयेत म्हणून हिने शपथ घातली आहे, त्यामुळे मागच्या काळोख्या खोलीत वाळत घालतो. पावसात त्या वाळत नाहीत, वास येतो. हिला जांघेत लाल चट्टे आलेत. मुलाने पुण्याहून डायपरचं खोकं पाठवलं. एकदा लावलं तर ही रडली, म्हणाली, "मला असं कागदात बांधून ठेवू नका." मुलगा म्हणतो, बाबा पैशाकडे बघतात. वापरलेले दोन-तीन डायपर मी रात्री पऱ्यात (ओढ्यात) टाकले, ते मनाला खातंय. कापड बरं की डायपर, एकदाच काय ते सांगा.

काका, नमस्कार.

पत्र वाचताना कापड आणि डायपर दोन्ही बाजूला राहिले आणि मला ती मागची काळोखी खोलीच दिसत राहिली. दिवसा कापड लपवायचं, रात्री डायपर लपवायचे. तुमच्याकडे जे बिघडलंय त्यातलं निम्मं या लपवालपवीने बिघडलंय.

आमच्या आयांनी, आज्यांनी महिन्याच्या घड्या अशाच वाळवल्या. साडीच्या खाली, पडवीच्या कोपऱ्यात, पुरुषांच्या नजरेआड. मग कुबट ओल, खाज, आणि ते सगळं अंगावर काढायचं. काकूंनी घातलेली शपथ तिथून आलेली आहे. "त्यात लाजायचं काय" असं त्यांना सांगून काही होणार नाही, साठ वर्षांची सवय आहे ती. म्हणून शपथ मोडा असं मी म्हणत नाही. एक पळवाट सांगते. साड्यांच्या घड्या बंद करा आणि पंचे आणा. साधे पांढरे सुती पंचे. आत घालायला जुन्या टर्किश टॉवेलचे पट्टे कापा आणि कडा दुमडून शिवून घ्या. निवृत्त मास्तरांच्या दोरीवर पंचे आणि नॅपकिन वाळत असले तर अख्ख्या गावात कोण विचारणार आहे? घाला खुशाल खळ्यात, उन्हात.

यात नुसती चलाखी नाही. बाजारात हल्ली धुऊन वापरायच्या शोषक चड्ड्या आणि शिवलेले जाड पॅड मिळतात. खोकताना, हसताना चार थेंब जातात अशा बायकांना ते चांगले. पण पूर्ण लघवी होते तिथे ते पुरत नाहीत, आणि अनेक थर एकत्र शिवलेले असल्याने कोकणातल्या आषाढात दिवसचे दिवस वाळत नाहीत. उलगडून एकेरी होणारं कापड सगळ्यात लवकर वाळतं. साडीच्या तुमच्या घड्याही उलगडून वाळत घालत होतात की घडीच दोरीवर टाकत होतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला शंका आहे.

दिवसाला पाच-सहा बदल धरले आणि पावसात वाळायला तीन दिवस धरले, तर वीसेक जोड लागतील. त्याहून कमी असले की माणूस अर्धवट ओलं कापड लावतो आणि चट्टे तिथूनच सुरू होतात. भिजलेलं कापड आधी गार पाण्यात खळबळून काढा, मग गरम पाणी आणि साबण. साबण पूर्ण निघेपर्यंत पुन्हा पाणी, कारण कापडात राहिलेला साबणही कातडीला चावतो. शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घातलं तर अमोनियाचा वास जातो. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव्य घालू नका. त्याने धाग्यावर थर बसतो आणि कापड पाणी पीत नाही. ऊन नसेल त्या दिवशी शेवटची ओल इस्त्रीने काढा.

आता डायपरकडे येते. आधी एक सांगते, ते कागद नाही. खोक्यातला एक घ्या, काकूंच्या समोर कात्रीने उभा फाडा. आत कापसासारखा दिसणारा लाकडाचा लगदा असतो आणि त्यात साखरेसारखे पांढरे दाणे. त्यावर पेलाभर पाणी ओता. दाणे फुगून त्यांची जेली होते, आणि वर हात दाबला तरी पाणी फारसं परत येत नाही. साध्या पाण्याला ते दाणे आपल्या वजनाच्या शेकडो पट धरून ठेवतात. लघवीत क्षार असल्याने तेवढं धरत नाहीत, तरी पुष्कळ धरतात. कापडाचं उलटं आहे. कापड पितं चांगलं, पण वर माणूस बसला किंवा झोपला की प्यायलेलं सगळं कातडीला परत देतं.

दोघांमधला सगळा फरक या एका गोष्टीत आहे. जिथे ओलं झाल्या झाल्या बदलता येतं तिथे कापड छान चालतं. जिथे चार-सहा तास बदलता येणार नाही तिथे डायपर कातडीला जास्त दयाळू असतो. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बऱ्याच प्रकारांची तुलना केली होती. त्यातही हेच निघालं की सगळ्यांना सगळ्या वेळी चांगला असा एक प्रकार नाही, दिवस-रात्र, बाई-पुरुष पाहून मिसळून वापरावं.

म्हणून काकूंना दिवसा कापड, रात्री डायपर.

दिवसा कापड म्हणण्यामागे माझा आणखी एक हेतू आहे, आणि इथे मी मुलाच्या विरुद्ध तुमच्या बाजूची आहे. दिवसभर डायपर लावला की घरातली माणसं नकळत आळशी होतात. "लावलंय ना, मग कशाला उठवायचं?" मी माझ्या सासूबाईंच्या वेळी हे स्वतः केलेलं आहे. दोन महिन्यांत त्यांनी सांगणंच सोडलं. पार्किन्सनमध्ये लघवीची घाई होते आणि पाय मात्र घाई करत नाहीत, त्यामुळे वाटेत होतं. तेव्हा वाटच कमी करा. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा आणि दर दोन-अडीच तासांनी, त्यांना लागली असो नसो, घड्याळ बघून बसवा. परकराची नाडी काढून टाका, इलॅस्टिक घाला. थरथरत्या बोटांनी ओली गाठ सोडवत बसणं यासारखी शिक्षा नाही. एवढं केलंत तर सहा कापडांची तीन होतील अशी मला आशा आहे.

आणि पाणी तोडू नका. लघवी होते म्हणून बरेच जण दुपारनंतर पाणी देणं बंद करतात. त्याने लघवी गडद होते, मूत्राशयाला टोचते, बद्धकोष्ठ वाढतं आणि भरलेल्या आतड्याच्या दाबाने घाई आणखी वाढते. संध्याकाळनंतर थोडं कमी करा, चहा कमी करा, दिवसाचं पाणी तसंच राहू द्या.

हे सगळं करण्याआधी एकदा लघवी तपासून घ्या. वर्षभरात कुणी तपासली असं तुमच्या पत्रात नाही. जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, चुकीच्या वेळी दिलेली लघवी वाढवणारी गोळी यांनीही असं होतं, आणि त्यातलं बरंचसं बरं होतं. पार्किन्सनच्या डॉक्टरांनाही सांगा. लघवी थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसांना भ्रम होतो, म्हणून त्या मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने सुरू करू नका.

चट्ट्यांसाठीही मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणू नका. त्यातल्या पुष्कळ ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. जांघेच्या घडीत लाल आणि कडेला बारीक पुळ्या असतील तर बुरशी असू शकते, ते डॉक्टरांना दाखवा. एरवी कोमट पाण्याने पुढून मागे पुसायचं, टिपून कोरडं करायचं, मग झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ. पेट्रोलियम जेलीचा जाड थर दिलात तर तो डायपरला चिकटतो आणि डायपर शोषणंच बंद करतो. टाल्कम पावडरचे ओले गोळे होतात, ती नकोच.

रात्रीचा डायपर कोणता, तर टेपचा. फ्रेंड्स, डिग्निटी, कुठलाही घ्या, पण आधी शिवणटेपने कंबर आणि नितंब दोन्ही मोजा. जास्त असेल ते माप पाकिटावरच्या तक्त्यात बघा. मोठा घेतला की जास्त धरेल असं वाटून मी एकदा लार्ज आणला होता. मांडीपाशी फट राहिली आणि सासूबाईंच्या गादीने सगळं धरलं. चड्डीसारखा ओढून घालायचा प्रकार चालत्याफिरत्या माणसाला बरा. प्रवासाला, लग्नाकार्याला, दवाखान्यात ताटकळायला काकूंना तो लावा. निजलेल्या माणसाला मात्र तो पायातून चढवताना तुमच्या कंबरेचं काय होईल ते मला सांगायला नको.

खर्चाचं बोलते, कारण मुलाने तुम्हाला टोचलंय. एक डायपर साधारण ४० रुपये धरा. दिवसरात्र चार लावले तर महिन्याचे ४,८०० होतात, रात्री एकच लावला तर १,२००. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने हा हिशोब केला तर त्याला कंजूष म्हणत नाहीत. जाता जाता, २०१८ मध्ये पाळीच्या पॅडवरचा जीएसटी माफ झाला, मोठ्या माणसांच्या डायपरवरचा राहिला. म्हाताऱ्यांनी मोर्चा काढला नसेल.

मुलाला मी सांगितलंय म्हणून सांगा: खोकी थोडी कमी कर आणि त्या पैशात एक कपडे धुण्याचं यंत्र आणि कमोडची खुर्ची घेऊन दे. शिवाय पुढच्या वेळी येशील तेव्हा दोन रात्री आईचं सगळं तू कर. त्याला जमेल. तुम्हालाही ७१ व्या वर्षी जमलंच ना?

पऱ्याचं आता. काका, तुम्ही मास्तर आहात म्हणून रागावते. वाशिष्ठी नदीच्या पुराने जुलै २०२१ मध्ये चिपळुणात काय केलं ते तुमच्यापासून लांब नव्हतं. पाणी घरात येतं तेव्हा एकटं येत नाही. डायपरचं प्लास्टिक तुमच्या नातवंडांनंतरही राहणार आहे. जाळूही नका, प्लास्टिकचा धूर होतो. आतली शी संडासात टाकायची, डायपर आतल्या बाजूला गुंडाळून त्याच्याच टेपने बंद करायचा, वर वर्तमानपत्र बांधायचं. पुण्यात कचरावेचक बायकांच्या 'स्वच्छ' संस्थेने त्या पुडीवर लाल ठिपका काढायला लोकांना शिकवलं, म्हणजे ती उघडून कुणाचे हात भरत नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांतही अशी पुडी बांधून सुक्या कचऱ्यात द्यायची असं म्हटलं होतं. तुमच्या ग्रामपंचायतीची गाडी येत नसेल तर झाकणाच्या डब्यात पुड्या साठवा आणि आठवड्याला चिपळूणला जाल तेव्हा तिथल्या घंटागाडीत द्या. रात्री एकच डायपर लागला तर सातच पुड्या होतात.

राहिल्या काकू. त्या रडल्या, कारण तुम्ही दोघा बापलेकांनी त्यांना न विचारता लावलं. "कापड की डायपर" हे तुम्ही मला विचारलंत, मुलाला विचारलंत, त्यांना विचारलंत का? पार्किन्सनने आवाज बारीक होतो, चेहरा हलत नाही, आणि समोरचा समजतो की यांना काही मत नाही. दुपारी, कोरड्या असताना, गोळीचा असर चांगला असेल त्या वेळी शेजारी बसा. तो फाडलेला डायपर दाखवा. मग खरं ते सांगा. रात्री उठून उठून तुमची झोप जाते. उद्या त्यांना उचलताना तुमचा तोल गेला तर दोघंही खाली पडाल. "तुझ्यासाठी लाव" म्हणू नका. "मला सहा तास झोप हवी आहे, माझ्यासाठी रात्रीचा एक लाव" असं म्हणा. काकूंच्या पिढीच्या बायका स्वतःसाठी काही मान्य करत नाहीत, नवऱ्याच्या झोपेसाठी करतात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण आज ते तुमच्या उपयोगी आहे.

तरीही नको म्हणाल्या तर महिनाभर थांबा. तोवर रात्री पंचा दुहेरी घाला, खाली मेणकापड आणि त्यावर सुती चादर, आणि अकराला आणि तीनला गजर. मेणकापड थेट अंगाला लागू देऊ नका.

खुर्ची घ्याल तेव्हा पायांना रबरी टोप्या आहेत ना ते बघा. तुमच्याकडची फरशी पावसाळ्यात ओल धरते आणि गुळगुळीत खुर्ची त्यावरून सरकते. पंचे मात्र आजच आणा, ऊन पडायची वाट बघू नका.

तुमची,
ताई