मुलांसाठी बीनबॅग घेताना

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला वाचत बसण्यासाठी बीनबॅग घ्यायची आहे. दुकानदार रेक्झिनची घ्या म्हणतात. घरात दीड वर्षाचा धाकटाही आहे. कोणती घ्यावी? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा रेक्झिन घामाने मुलांच्या मांड्यांना चिकटते; म्हणून काढून धुता येईल असे जाड सुती कव्हरच घ्यावे, आणि कापसाच्या या मुलखात ते शिवूनही घेता येईल. मुलीला दुकानात नेऊन बसवून पाहा : पाठ व मान टेकावी आणि पाय जमिनीला लागावेत.

धाकट्यामुळे मात्र चेनकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. आतले थर्मोकोलचे दाणे इतके हलके असतात की ते श्वासाबरोबर सहज ओढले जातात आणि मुलाचा जीव गुदमरू शकतो. दाण्यांची पिशवी कव्हरच्या आत स्वतंत्र असावी व तिची चेन मुलाच्या बोटांनी उघडू नये. शंका वाटल्यास ती दोऱ्याने पक्की शिवून टाकावी. धाकट्याला बीनबॅगवर कधीही झोपवू नये, कारण तोंड खाली रुतले तर त्याला श्वास घेता येत नाही. दाणे कालांतराने दबतात, तेव्हा शिवण उसवून नवी भर घालताना मुलांना खोलीबाहेर ठेवावे.