वाचकांचे प्रश्न : ताडोब्यात अस्वल केव्हा दिसेल?

प्रश्न : ताडोब्याला दिवाळीच्या सुटीत जावे की उन्हाळ्यात? आम्हाला वाघापेक्षा अस्वल पाहण्याची ओढ अधिक आहे.

उत्तर : ऊन सोसत असेल, तर निःसंशय उन्हाळ्यात, शक्यतो एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत जावे. दिवाळीत गवत उंच असते आणि पाणी जागोजागी असल्यामुळे अस्वलाला ठरावीक पाणवठ्यावर येण्याची गरज नसते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात, पुढे तेंदूची फळे पिकतात, आणि या खाद्याच्या शोधात अस्वले उजाडताना व सायंकाळी हिंडत असल्याने सकाळची पहिली आणि दुपारची उशिरापर्यंत चालणारी अशा दोन्ही सफारींचे आरक्षण करावे. हिवाळ्यात गुहेत जन्मलेली पिल्ले याच सुमारास आईच्या पाठीवर बसून फिरतात. ते दृश्य उन्हाचा सारा त्रास विसरायला लावते.

गाभा क्षेत्र मंगळवारी आणि जुलै ते सप्टेंबर बंद असते. मोहाच्या झाडांखाली पायी मात्र कधीही जाऊ नये, कारण दचकलेली अस्वलीण पळण्याऐवजी थेट हल्ला करते.