‘तुमच्या घरी बंदूक आहे का?’ हे विचारायचं कसं?

टेक्सासमधल्या एका मराठी आईची काळजी. तेरा वर्षांचा मुलगा मित्राकडे रात्री राहायला जाणार होता. “बंदुकीचं विचारलं तर त्यांना राग येईल. हे म्हणतात, सिगारेटवर कर वाढवला तसा सरकारनेच बंदुकीवर वाढवावा, आपण विचारून काय होणार?”

नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर. सिगारेट रोज विकत घ्यावी लागते. २००९ साली पाकिटामागचा केंद्रीय कर ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंट झाला, तो रोज खिशाला जाणवला. बंदूक एकदा घेतली की नातवापर्यंत टिकते. कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून बंदुका आणि गोळ्यांच्या विक्रीवर ११ टक्के जादा कर लावला, पण कपाटात आधीच पडलेल्या बंदुकीला तो कुठून लागणार?

सिगारेट मात्र नुसत्या करानेही कमी झाली नाही. सर्जन जनरल म्हणजे अमेरिकी सरकारचे प्रमुख आरोग्य-अधिकारी; धूम्रपानाच्या धोक्यांवरच्या त्यांच्या १९६४ च्या अहवालानंतर हळूहळू लोक ‘आमच्या घरात नको’ म्हणू लागले. आज डॉक्टरांनी ‘घरात कोणी ओढतं का?’ विचारलं तर कुणाला अपमान वाटत नाही. बंदुकीचा प्रश्नही तितकाच साधा व्हायला हवा.

मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, ते मित्राच्या घरच्यांना मेसेज करून कळवायचंच होतं. त्याच मेसेजमध्ये या आईने लिहिलं: “घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना? मी सगळ्यांनाच विचारते.” यात मत विचारलेलं नाही, फक्त कुलूप विचारलंय. उत्तर आलं, “वरच्या कप्प्यात आहे, मुलांना माहीत नाही.” हे पुरेसं नाही, मुलांना घरातला प्रत्येक कप्पा माहीत असतो. बंदूक रिकामी, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात हव्यात. तिने दोन्ही मुलांना आपल्याकडेच झोपायला बोलावलं.

मग बोलता बोलता कळलं, पिस्तूल या आईच्या स्वतःच्या घरीही होतं. नवरा म्हणाला, मॅगझिन (गोळ्यांची काढता येणारी पेटी) काढून ठेवतो. नेमकी इथेच चूक होते: मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, एक गोळी राहू शकते. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. म्हणून मूल गप्पगप्प, खचलेलं दिसलं, तर तेवढे दिवस पिस्तूल घरातच नको, आणि ९८८ हा हेल्पलाइनचा नंबर हाताशी हवा.

त्या संध्याकाळी नवऱ्याने सेफचा आकडा बदलला. आधीचा मुलाच्या जन्मतारखेचा होता.