नववीतल्या मुलाच्या दप्तरात थिनरची बाटली आणि उग्र वासाचा रुमाल सापडला. वडिलांना कळलं तर ते त्याला मारतील. काय करू?

ताई, तुम्ही सांगितलेलं दोन महिने क्लास बुडवणं, चिडचिड, नाकाभोवती उठलेलं पुरळ आणि आता हा रुमाल, हे सगळं एकत्र पाहता तो थिनर हुंगत असावा हा तुमचा अंदाज बरोबर वाटतो. वडिलांपासून लपवू नका. पण सांगताना आधी खाली लिहिलेला धोका सांगा, मग बाटलीची गोष्ट.

थिनर, पंक्चरचं सोल्यूशन यांत टोल्युइनसारखी रसायनं असतात. ती हुंगल्यानंतर काही काळ हृदय ॲड्रेनलिनला, म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या रसायनाला, फार पटकन बिथरतं. अशा वेळी कुणी अंगावर धावून गेलं, पोरगं घाबरून पळालं, तर ठोके एकदम बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो. पहिल्यांदा हुंगणाऱ्यालाही. म्हणून हुंगताना दिसला तर ओरडायचं नाही, हिसकाहिसकी नाही, पाठलाग नाही. हळू आवाजात बोलत त्याला बसवा, खिडक्या उघडा, गॅस किंवा काडी पेटवू नका. बेशुद्ध झाला पण श्वास चालू आहे, तर कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 या गतीने जोरात दाबत राहा. मारण्याने आपलाच मुलगा जाऊ शकतो, हे वडिलांना एवढ्या स्पष्ट शब्दांत सांगा.

आता बोलण्याविषयी. नशा पूर्ण उतरलेली असताना, शक्यतो दुसऱ्या दिवशी, आणि पहिल्यांदा एकट्या तुम्हीच बोला. दोघं समोर बसलात की त्याला ती चौकशी वाटते. "तू काही घेतोस का?" असं विचारू नका. उत्तर तुम्हाला माहीत आहे, तो खोटं बोलणार आणि मग भांडण त्या खोट्यावरून होणार. सरळ म्हणा, "तुझ्या दप्तरात थिनर मिळालं. मी घाबरले. तुला कुणी मारणार नाही. ते घेतल्यावर तुला कसं वाटतं?"

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढची दिशा त्यावर ठरते. "डोक्यातले विचार थांबतात" असं म्हणाला, तर मुळाशी ताण किंवा नैराश्य असू शकतं. "सगळेच घेतात" म्हणाला, तर संध्याकाळचा क्लासनंतरचा मोकळा वेळ आणि तेव्हाचा मित्रांचा घोळका हा प्रश्न आहे. "काही नाही, टाइमपास" हे बहुतेक वेळा पहिलं उत्तर असतं, खरं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या बोलण्यात येतं. त्याच बैठकीत उलटतपासणी करू नका. मुलांमधलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसतं. झोप, जेवण, आवडीचा खेळ यांत दोन आठवड्यांहून जास्त बदल असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. "जगू नये असं कधी वाटतं का?" हेही थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल मोकळं होतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लघवीच्या तपासणीचं किट मेडिकलमधून आणून त्याला पकडायला जाऊ नका. ती किटं गांजासारख्या पदार्थांसाठी असतात, थिनर त्यांत दिसत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला की तुम्ही निर्धास्त होता आणि मुलाचा विश्वास तेवढा जातो. त्यापेक्षा डॉक्टरांकडे नेऊन किडनी, लिव्हर आणि पोटॅशियम तपासा. टोल्युइनमुळे किडनीतून पोटॅशियम निघून जातं आणि हातपाय गळून जातात. तो "पाय उचलत नाही" म्हणत असेल तर आळस समजू नका.

मदत कुठे? टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416. मोफत आहे, दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही एकट्याच फोन केलात तरी चालेल. व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 14446. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं, आणि पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय. मात्र चौदा-पंधराच्या मुलाला मोठ्या माणसांच्या केंद्रात कोंडण्याच्या सल्ल्याला हो म्हणू नका, तिथे त्याला नव्या नशांची ओळख होते. जाहिरातीतली, जेवणात गुपचूप मिसळायची पावडर तर मुळीच नको.

आपल्याच घरात हे कसं, असं वाटून स्वतःला कोसू नका. एम्सच्या 2019 च्या देशव्यापी पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के आणि मोठ्यांत 0.58 टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेली ही एकच नशा. कारण उघड आहे: स्वस्त आहे आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

म्हणून घरातलं थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सोल्यूशन आज हलवा. रोख पैसे काही दिवस हातात देऊ नका, वह्या-पुस्तकं सोबत जाऊन घ्या. मोबाइल आणि सगळे मित्र एकाच दिवशी तोडू नका, तो आणखी एकटा पडेल. त्याऐवजी संध्याकाळच्या त्या मोकळ्या वेळात कुणीतरी घरी असेल असं बघा, मामा किंवा आजोबासुद्धा चालतील.

पहिले काही आठवडे झोप बिघडेल, चिडेल, कदाचित पुन्हा एकदा हुंगेलही. तसं झालं तर शपथा घ्यायला लावू नका. नशा उतरू द्या, मग त्याआधीच्या तासाभरात काय घडलं, कुणाशी बोलणं झालं, तो कुठे होता, एवढंच विचारून लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत तो कागद समुपदेशकाला दाखवा.