हॉस्टेल लागलं नाही, मैत्रिणी नाहीत, ऍडमिशन कॅन्सल करू का?

ऑगस्ट लागला की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे यायला लागतो. कधी मुलगी स्वतः येऊन बोलते, कधी वडिलांचा फोन असतो, "मॅडम, पोरगी रोज रडून राहिली, परत घेऊन येऊ का?" विद्यापीठात पीजीला ऍडमिशन मेरिटवर मिळालेली असते, घरी पेढे वाटून झालेले असतात आणि महिन्याभरात सगळ्या घराला वाटायला लागतं की आपला निर्णयच चुकला. या वर्षीही बऱ्याच जणांनी हेच विचारलं म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आपलं नागपूर विद्यापीठ 1923 चं, शंभरी ओलांडलेलं. 2011 ला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर, गडचिरोली तिकडे गेले, पण वर्धा, भंडारा, गोंदिया इकडेच आहेत. त्यामुळे अमरावती रोडच्या कॅम्पसवर दरवर्षी अशी कितीतरी मुलं येतात, ज्यांच्या घरातून शिकायला नागपूरला आलेलं ते पहिलंच माणूस असतं. त्यातल्या अनेकांना वाटतं डिपार्टमेंटला ऍडमिशन झाली म्हणजे हॉस्टेलही झालं. तसं नसतं, तो अर्ज वेगळा, त्याची यादी वेगळी, आणि यादीत नाव नाही आलं की मग रविनगर, भरतनगर, पांढराबोडी अशी रूमची शोधाशोध सुरू होते.

जिच्याबद्दल लिहितेय ती साकोलीकडची, धानाच्या शेतीचं घर. (ओळख पटू नये म्हणून बरंच काही बदललंय आणि दोघीतिघींच्या गोष्टी एकत्र केल्यात.) पहिल्या यादीत हॉस्टेल लागलं नाही म्हणून रविनगरला तिघींसोबत रूम घेतलेली. पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्याबरोबर म्हणाली, "मॅडम, मले काहीच जमून नाही राहिलं इथं. सगळ्यांचे ग्रुप झाले. फुटाळ्यावर जातात, गोकुळपेठेत जातात, मले कोणी चल म्हणत नाही."

"तू कधी म्हटलंस, मी येऊ का?"

"नाही. ते म्हणतील हे कुठून आलं गावाकडून."

दर शुक्रवारी शेवटचा क्लास झाला की ती थेट गणेशपेठ स्टँडवर, तिथून एसटीनं घरी आणि सोमवारी सकाळी परत. म्हणजे बाकीच्या पोरी ज्या दोन दिवसांत एकमेकींचे कपडे घालून बघतात, मिळून मॅगी करतात, भांडतात आणि पुन्हा बोलायला लागतात, ते दोन दिवस ही नागपुरात नसायचीच. हे मला लगेच दिसलं होतं, पण सांगितलं नाही, कारण "घरी जाणं बंद कर" म्हटलं असतं तर ती माझ्याकडे यायचीच बंद झाली असती.

पुढच्या दोन-तीन भेटी तेच ते. मी नीट बोलत नाही, माझी भाषा वेगळी, माझे कपडे साधे. आईवडील अशा वेळी म्हणतात तू छान आहेस, तुझ्यात काय कमी आहे. प्रेमानंच म्हणतात, पण मुलीला ते पटत नाही आणि वर आपल्याला कोणी समजून घेत नाही असं वाटायला लागतं. मी कमीजास्तच्या त्या हिशोबात शिरलेच नाही. मी तिला तिच्या घराबद्दल विचारलं.

"शनिवारी घरी काय काय करतेस?"

"लहान भावाची वही पाहते. मग शेजारचे काका येतात, त्यांचा काहीतरी फॉर्म असते, मोबाईलवर भरून देते. गावात फॉर्म भरायचा असला का सगळे मलेच बोलवतात. आता धानाची रोवणी होती तं आईसोबत बांधीत पण गेली."

"तिथं कोणी तुला म्हणतं का, ये, आमच्यात बस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तिथं काहून म्हणतील? तिथं तं माझं काम असते."

आणि थांबली. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडलं की सगळं वाया जातं हे मी बऱ्याच वर्षांत शिकलेय, समोरच्या माणसाच्या मनात काहीतरी जुळत असतं आणि ते त्याचं त्यालाच जुळवू द्यावं लागतं. बराच वेळ गेला. मग ती अगदी हळू म्हणाली, "इथं माझं कोणाकडे कामच नाही, मॅडम."

सगळा गुंता या एका वाक्यात होता आणि तो तिनं स्वतः सोडवला. तो प्रश्न मी नेमका तेव्हा विचारला याचं मला आजही समाधान वाटतं.

मी व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलर या मानसतज्ज्ञाला मानणारी आहे. माणसाला सगळ्यात जास्त भूक असते ती आपण कुठेतरी आपले आहोत या भावनेची, आणि ती भावना कौतुकानं मिळत नाही, आपला कोणाला तरी उपयोग होतो यातून मिळते, असं तो सांगतो, आणि माझ्या खोलीत मी हे पुन्हा पुन्हा खरं होताना पाहिलंय. खरं तर त्यासाठी व्हिएन्नापर्यंत जायची पण गरज नाही. ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे त्या तुकडोजी महाराजांनी माणसं जोडली ती सामुदायिक प्रार्थनेतून आणि श्रमदानातून, आधी हातात काम आणि मग मनात आपलेपण. ही मुलगी उलटं करत होती, आधी मला आपलं म्हणा मग मी मिसळते, आणि असं म्हणायला कोणी येत नाही, कारण समोरची पण तीच वाट बघत बसलेली असते.

मी तिला मैत्री कर असं सांगितलंच नाही. म्हटलं, या आठवड्यात रूमवर किंवा डिपार्टमेंटमध्ये कोणाचं काय अडलंय तेवढं बघ. आणि एक शनिवार-रविवार नागपुरात राहा. दुसऱ्या गोष्टीवर वाद झाला. आई एकटी आहे, रोवणी आहे, हे खरंच होतं. शेवटी रोवणी आटोपल्यावरचा रविवार तिनंच ठरवला.

अडलेलं काम रूमवरच निघालं. एका रूममेटचा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा स्कॉलरशिपचा अर्ज परत आलेला, उत्पन्नाचा दाखला जुना आणि बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. हिनं ते पाहिलं, कुठे जाऊन काय करायचं ते सांगितलं, सोबत बँकेतही गेली. मग दुसरी आली, मग वर्गातल्या दोघी. पुढच्या भेटीत ती मला मित्रमैत्रिणींबद्दल काही सांगतच नव्हती, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीबद्दल सांगत होती, आणि आवाज बदललेला होता.

मध्ये एकदा पुन्हा रडत आली. जिचा अर्ज रात्री जागून भरून दिला तिनं दुसऱ्या दिवशी ओळख दाखवली नाही. हे होणारच होतं. उपयोगी पडणं वेगळं आणि स्वतःला वापरू देणं वेगळं, आणि गरीब घरच्या कष्टाळू मुलींना हा फरक कोणी शिकवत नाही. आम्ही दोघींनी मिळून नियम केला, जिचा अर्ज, मोबाईल तिचा, ओटीपी तिचा, फॉर्म तिनं भरायचा, तू बाजूला बसायचं. आणि आपला अभ्यास असला की सरळ म्हणायचं, आज नाही.

पुढे दुसऱ्या यादीत हॉस्टेल लागलं. रूम सोडताना ती रडली, त्याच तिघींसाठी.

आता जे विचारतात त्यांच्यासाठी.

राहण्याचा प्रश्न आणि एकटेपणाचा प्रश्न वेगवेगळे ठेवा, दोन्ही एकत्र आले की उत्तर "कॅन्सल" हेच दिसतं. राहण्याचा प्रश्न कागदांचा आहे. विद्यापीठाच्या हॉस्टेलसोबत शासकीय वसतिगृहालाही अर्ज करा, तिथं नाही लागलं तर एससीसाठी स्वाधार, एसटीसाठी स्वयम्, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीसाठी आधार योजना आहे. स्वाधारमध्ये नागपूर शहरासाठी जेवण, राहणं आणि निर्वाह भत्ता मिळून वर्षाला 60 हजारांपर्यंत खात्यात येतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अटी बदलत असतात, चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचा, आणि पैसे यायला वेळ लागतो हे धरून पहिल्या काही महिन्यांची सोय घरून करा. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून हात टेकू नका, मुलं जागा सोडतात, पुढची यादी लागते.

आईवडिलांनो, दिवसातून चारदा "जेवली का, करमते का" विचारू नका. तिच्या आवाजात काळजी ऐकली की तुम्ही घाबरता, तुमची भीती ऐकून ती अजून घाबरते. संध्याकाळी एक फोन पुरे, आणि त्यात तिच्याकडे एखादं काम मागा, बीबियाण्याचा भाव बघून दे, भावाचं गणित समजावून दे. तिला रविवारी येऊ नको असं पण म्हणू नका, फक्त दर वेळी तुम्ही बोलावू नका.

कोणी त्रास देत असेल, रॅगिंग असेल, तर तो एकटेपणा नाही, त्यासाठी यूजीसीची हेल्पलाइन आहे, 1800-180-5522. आणि झोप उडाली, जेवण सुटलं, जगणं नको वाटायला लागलं तर माझा लेख वाचत बसू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

राहिलं कॅन्सल करायचं. पहिल्या महिन्यात तर नाहीच. दिवाळीच्या आत मी कोणालाच हा निर्णय घेऊ देत नाही, एकच अपवाद सोडून. स्वतःला विचारा, चांगली रूम असती, सोबत दोन जणी असत्या, तरी हा विषय मला नको वाटला असता का? उत्तर "हो" असेल तर प्रश्न ऍडमिशनचाच आहे, मग उशीर करू नका, जितके दिवस जातील तितकी परत मिळणारी फी कमी होते. आधी डिपार्टमेंटमध्ये जाऊन परताव्याच्या तारखा विचारा, आणि मग घरच्यांना घेऊन माझ्याकडे या, पुढे कुठे जायचं ते बसून बघू.