‘पाण्याचा संदर्भ स्कॅन’ की ‘पाणी-संदर्भ स्कॅन’?

कोल्हापुरात एमआरआय तंत्रज्ञ घडवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, एमआर स्पेक्ट्रोस्कोपीतील (एमआरआय यंत्राने ऊतीतील रासायनिक द्रव्ये मोजण्याच्या तपासणीतील) ‘वॉटर रेफरन्स स्कॅन’ला मराठी टिपणांत ‘पाण्याचा संदर्भ स्कॅन’ म्हणावे की ‘जलप्रमाण स्कॅन’, आणि ग्रंथसूचीतला वाटणारा ‘संदर्भ’ हा शब्द येथे चालेल का.

‘संदर्भ’ निःशंक चालेल. पदार्थविज्ञानात ‘संदर्भ चौकट’, ‘संदर्भ बिंदू’ हे शब्द रुळलेले आहेत आणि तेथे ‘ज्याच्या तुलनेत दुसरे काही मोजायचे ते’ हाच अर्थ अभिप्रेत असतो. माझा आक्षेप आहे तो ‘चा’ या प्रत्ययाला, आणि त्याचे कारण या स्कॅनच्या कामातच आहे.

शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ५५.५ मोल पाणी असते, तर मेंदूतील एनएए (एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट), क्रिएटिन, कोलीन यांसारखी द्रव्ये लिटरमागे काही मिलिमोल एवढीच असतात. म्हणून मुख्य स्कॅनमध्ये ४.७ पीपीएमजवळचा (पीपीएम हे स्पेक्ट्रमच्या आडव्या अक्षावरील स्थानाचे एकक) पाण्याचा प्रचंड सिग्नल दाबून टाकतात, तेव्हा कुठे २ पीपीएमजवळचे एनएएचे शिखर नीट वाचता येते. त्यानंतर त्याच व्हॉक्सेलवर (मोजण्यासाठी निवडलेल्या ऊतीच्या छोट्या घनभागावर), रिसीव्हर गेन (सिग्नलचे वर्धन) तोच ठेवून, पाणी न दाबता दुसरा छोटा स्कॅन घेतात. सिग्नल मोठा असल्यामुळे त्याला थोडीच आवर्तने पुरतात. ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारी चुंबकीय क्षेत्रे) बदलताना यंत्राच्या धातूच्या भागांत निर्माण होणाऱ्या एडी करंटमुळे (भोवरी विद्युत्प्रवाहांमुळे) सिग्नलच्या फेजमध्ये (कलेत) आलेली विकृती या दुसऱ्या स्कॅनवरून काढून टाकता येते. मात्र त्यासाठी दोन्ही स्कॅनमधील ग्रेडियंट सारखे हवेत, म्हणजे पाणी दाबणारे रेडिओ स्पंद तेवढे बंद करायचे आणि त्यांच्यासोबतचे ग्रेडियंट चालू ठेवायचे. शिवाय ऊतीतील पाण्याचे प्रमाण साधारण ठाऊक असल्याने, सिग्नलच्या शिथिलनाची (स्पंदानंतर तो ओसरण्याची व पूर्ववत होण्याची) दुरुस्ती करून, त्या पाण्याच्या तुलनेत इतर द्रव्यांची संहती काढता येते.

म्हणजे येथे पाणी हे मोजायचे द्रव्य नसून मोजण्याचे माप आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, असे आपण म्हणतो तेव्हा पाणी मोजले जाते. स्पेक्ट्रोस्कोपीत पाण्याने मोजले जाते. ‘पाण्याचा संदर्भ’ म्हटले की षष्ठीमुळे ‘पाण्यासाठी लागणारा संदर्भ’ असाही अर्थ निघतो आणि विद्यार्थी नेमका उलट्या बाजूने विचार करू लागतो. ‘पाणी-संदर्भ स्कॅन’ या समासाचा विग्रह ‘पाणी हाच संदर्भ असलेला स्कॅन’ असा सरळ होतो, म्हणून मी तोच स्वीकारावा असे म्हणेन.

‘जलप्रमाण’ मात्र टाळावे. ‘प्रमाणवेळ’, ‘प्रमाणभाषा’ यांत ‘प्रमाण’ म्हणजे मानक हे खरे. परंतु पाण्याशी जोडताच हा शब्द मराठी वाचकाला ‘किती पाणी’ एवढेच सांगतो, आणि याच टिपणात ऊतीतील पाण्याचे प्रमाणही लिहावे लागणार आहे.

याच ओघात एक विनंती: ‘विदाउट वॉटर सप्रेशन’साठी ‘पाणीविरहित’ असे चुकूनही लिहू नये, कारण या स्कॅनमध्ये पाण्याचा सिग्नल पूर्ण असतो. टिपणात पहिल्या उल्लेखाला ‘पाणी-संदर्भ स्कॅन, म्हणजे पाण्याचा सिग्नल न दाबता त्याच व्हॉक्सेलवर घेतलेला तुलनेचा स्कॅन’ असे पूर्ण लिहावे आणि पुढे नुसते ‘पाणी-संदर्भ’ वापरावे.